तलावाचा वाटा

१

शुक्रवारी पहाटे रंभाबाई गेली. साडेदहाला हिरालाल रामटेकेंनी तिच्या नावाची काचेची बशी उघडली, आणि बाईच्या बाबतीत कुणीतरी काहीतरी केलं आहे हे त्यांना कळून चुकलं.

बशी म्हणजे प्रयोगशाळेतली चपटी, झाकणाची बशी. तिच्यातल्या घट्ट थरावर रुग्णाचे जंतू पेरतात आणि मधोमध औषधात भिजवलेली कागदाची टिकली ठेवतात. रात्रभरात जंतू सायीसारखे पसरतात. औषध चालत असेल तर टिकलीभोवती साय धरत नाही, स्वच्छ कडं राहतं. जेवढं कडं मोठं तेवढं औषध भारी. रंभाबाई दाखल झाली त्या गुरुवारी तिचं कडं चोवीस मिलिमीटर भरलं होतं. काल संध्याकाळी पेरलेल्या बशीत कडं नावालाही नव्हतं. साय थेट टिकलीला भिडली होती.

हिरालालजींनी चष्मा पुसला, बशी खिडकीशी नेली, परत आणली. साय काही हटली नाही.

चौतीस वर्षं त्यांनी सरकारी प्रयोगशाळेत लोकांच्या थुंकीत आणि पुवात डोकं घातलं होतं. एवढं करून माणसांवरचा त्यांचा विश्वास शाबूत राहिला, उडाला तो औषधांवरचा. दरवर्षी कडी लहान होताना त्यांनी पाहिली होती. निवृत्तीनंतर वैनगंगेच्या पुलाअलीकडच्या एका ट्रस्टच्या इस्पितळात नव्या औषधाची चाचणी सुरू झाली, तेव्हा ते बायकोचा विरोध पत्करून परत कामाला लागले. कारण हे औषध इथलंच होतं. अड्याळजवळच्या एका गावच्या तलावाच्या गाळात, सत्तेचाळीस नंबरच्या नमुन्यात, एक जीव सापडला होता. तो जी केशरी भुकटी तयार करत होता, तिच्यापुढे जुन्या औषधांना भीक न घालणारे जंतूही पटापट मरत होते. इस्पितळात सगळे तिला 'सत्तेचाळीस' म्हणत. आणि रंभाबाई त्याच गावची. आपल्या तलावाच्या गाळाचं औषध आपल्याला लागतंय याचा तिला कोण अभिमान होता.

डॉक्टर अमर दारात येऊन उभे राहिले. चाचणी त्यांची. वय जेमतेम अडतीस, पण आज पन्नाशीचे दिसत होते.

"काका, सोमवारी अकराला समितीची बैठक आहे. औषध हरलं असं दिसलं तर ते चाचणी बंद करतील. मग अंजूचं काय?"

अंजू म्हणजे पाच नंबरची खाट. बपेरा गावची, तेवीस वर्षांची, सिझेरियनचे टाके चिघळलेली. तिच्या जंतूवर एकही जुनं औषध चालत नव्हतं. दाखल झाली त्या दिवशी सत्तेचाळीसचं कडं मात्र तेवीस भरलं होतं. पण चाचणीच्या नियमात अंगावर पाजणारी बाई बसत नव्हती, म्हणून डॉक्टरांनी तिच्यासाठी खास परवानगी मागितली होती. तिचा निकाल त्याच सोमवारच्या बैठकीत होता.

"डॉक्टर," हिरालालजी म्हणाले, "जंतूले मरेस्तोवर हानलं तं तो कायी शिकत नाई. अर्धमेला करून सोडला का शिकते. आठ दिवसात हा जंतू पुरा शिकून मोकळा झाला. म्हंजे एक तं औषध कमजोर होतं, नाईतं बाईले ते पुरं भेटलंच नाई."

"कसं नाही मिळालं? आठ दिवस, सकाळ-संध्याकाळ, सोळा कुप्या. सोळाही रिकाम्या परत आल्यात, प्रत्येकीवर सही आहे."

"कुपी रिकामी झाली हे खरं," हिरालालजी म्हणाले. "पर कोनाच्या अंगात झाली?"

२

कमजोर औषधाची शंका आधी निकालात काढायची होती, म्हणून ते थेट प्रविणकडे गेले. औषधांचं कोठार आणि त्यातलं फ्रीज प्रविणच्या ताब्यात होतं. पोरगा टापटिपीचा, फ्रीजच्या दारावर तापमानाची वही दोरीनं बांधलेली. हिरालालजींनी वही चाळली. दर दोन तासांनी नोंद, आणि प्रत्येक नोंद चार अंश.

"प्रविण, मंगळवारी अख्ख्या भंडाऱ्यात दुपारी बारा ते सहा लाईन नव्हती. माह्या खोलीतली जंतू उबवायची पेटी बंद पडली होती, मी तुह्याकडे जनरेटरचं विचारायले आलो होतो. तू म्हनला डिझेल नाई."

प्रविणची नजर वहीवर गेली.

"तरी तुह्या वहीत बाराले चार, दोनले चार, चारले चार. हे फ्रीज कायच्यावर चालत होतं? भजनावर?"

पोरगा खुर्चीत बसला. "चौदापर्यंत गेलं होतं काका. डॉक्टरसाहेबाले सांगतलं असतं तं सारा माल फेकावा लागला असता. पुढचा माल यायले महिना लागते. म्हटलं, सहा तासानं काय होते."

"महिना लागते म्हून खोटं लिहिलं."

"होय," प्रविण म्हणाला. "माह्यामुळं मेली का ते बाई?"

हिरालालजींना माहीत नव्हतं, आणि माहीत नसताना बोलायची त्यांना सवय नव्हती. त्याच फ्रीजमधून त्यांनी दोन कुप्या उचलल्या. रंभाबाईचा पहिल्या दिवशीचा जंतू त्यांनी गोठवून ठेवला होता. तो नव्यानं पेरून त्यावर ही भुकटी ठेवली की उद्या दूध का दूध, पानी का पानी होणार होतं.

प्रयोगशाळेकडे परतताना मागच्या व्हरांड्यातल्या नळावर त्यांना अंजूची आई भेटली. बायजाबाई नातवाला पाटीत निजवून लंगोट घासत बसली होती. बाळाला वॉर्डात न्यायला बंदी होती. अंजूचं दूध वाटीत काढून आणायचं आणि चमच्यानं पाजायचं, असं चाललं होतं.

"भाऊ, तुमी तपासनीवाले ना?" तिनं लंगोट पिळून पुढं धरला. "पाहा बरं. सोमवारपासून असा पिवराजरद होऊन राहिला. दोनदा साबन लावला, जात नाई. कावीर झाली लेकराले."

"डॉक्टरले दाखवलं?"

"दाखवलं. ते म्हनते डोरे पांढरे आहेत, कायी नाई. मले तं पटत नाई. आमच्या बपेऱ्याले एक बुढा कावीरीची माळ देते, पर पोरीले सोडून जाऊ कशी?" तिनं लंगोट तारेवर टाकला. "मधी दोन दिवस तिचा ताप उतरला होता जी. उठून बसली, भात खाल्ला. वाटलं, सुटलो एकदाचे. कालपासून पुन्हा तसाच फणफणून राहिला."

हिरालालजींनी मान हलवली. त्यांच्या डोक्यात प्रविणचं फ्रीज होतं. माणूस एका गोष्टीमागे लागला की पुढ्यातली दुसरी दिसत नाही. एरवी समोर आलेली वस्तू बघितल्याशिवाय न सोडणारा हा गृहस्थ त्या दिवशी लंगोट न बघता निघून गेला.

शनिवारी सकाळी त्यांनी बशी उघडली. कडं चोवीस मिलिमीटर. तसूभरही कमी नाही. सहा तास उन्हाळा सोसूनही औषध ठणठणीत होतं.

प्रविण सुटला. मग उरली दुसरी शंका, आणि ती जास्त वाईट होती.

३

शनिवारचा अख्खा दिवस हिरालालजींनी सोळा रिकाम्या कुप्या टेबलावर मांडून घालवला. औषध चोरून विकणारा माणूस बंद कुपी नेईल. इथं एकही बंद कुपी गेली नव्हती. प्रत्येक कुपी वॉर्डातच फुटली होती, सलाइनच्या बाटलीत विरघळली होती. आणि विरघळलेलं सत्तेचाळीस दोन तासांत नासतं, हे या इस्पितळात सगळ्यांना पाठ होतं. ते कुणी विकत घेणार नाही, पिशवीत घालून घरी नेणार नाही. मग ते घेऊन करायचं काय?

रविवारी सकाळी रंभाबाईचा मुलगा भय्याजी आईची लुगडी आणि कागद न्यायला आला. डोकं भादरलेलं, डोळे सुजलेले. हिरालालजींनी त्याला चहा पाजला आणि सरळ विचारलं, "भय्याजी, तुमी आईजवळ होते. औषध कसं लागत होतं, आठवते?"

"औषधाच्या टायमाले मले बाहेर काढत जी. सिस्टर आठले बाटली लावे, संपली का मले आत बोलावे." तो आठवू लागला. "पैले दोन दिवस नऊ वाजत. मंग साडेआठलेच बोलावणं येऊन राहिलं. म्हटलं, नस चांगली लागली असंन."

हिरालालजींचा कप बशीवर टेकला. "अर्ध्या तासात? रोज?"

"रोज. सकाळीही, संध्याकाळीही."

बाटली शंभर मिलिलिटरची, थेंब मोजून तासभर चालवायची. अर्ध्या तासात ती संपायची तर मुळात अर्धीच असायला हवी.

"आनखी काय दिसलं?"

"आनखी काय. लघवीची पिशवी मीच रिकामी करो. पळसाच्या फुलाचं पानी कसं रायते, तशी. मी भेलो होतो. सिस्टर म्हने, औषधाचाच रंग आहे, भेऊ नको." भय्याजीनं डोळे पुसले. "माय मस्त हासे. म्हने, होळी आहे माही. लय मोठ्या मनाची होती जी. आमच्या गावात तलावाची मच्छी निघाली का वाटे पाडायले तिलेच बसवत. जेवढी घरं तेवढे वाटे, साऱ्याईच्या डोऱ्यासमोर. चाळीस वर्षं तिनं वाटे पाडले, आमच्या वाट्याले कमी आलं असं कोनी म्हटलं नाई. ज्या घरी बारंतीन असंन त्या घरचा वाटा ती पैले उचलून ठेवे."

भय्याजी बोलत राहिला. हिरालालजी मात्र खुर्चीतून उठले होते. त्यांच्या डोळ्यांपुढे तारेवरचा लंगोट आला होता.

४

व्हरांड्यातल्या तारेवर सहा लंगोट वाळत होते. चारांवर डाग होते. हिरालालजींनी एक उतरवून उन्हात धरला. हळद अशी नसते, कावीळही अशी नसते. धुऊन फिकट झालेला हा केशरी त्यांनी दोन वर्षं कुपीत पाहिला होता.

आईच्या अंगात गेल्याशिवाय तो दुधात उतरणार नाही, आणि दुधात उतरल्याशिवाय लंगोटावर येणार नाही. अंजू दाखल झाली शनिवारी, रंभाबाईच्या तिसऱ्या दिवशी. बाटली अर्ध्या तासात संपू लागली तीही तिसऱ्याच दिवसापासून. अंजूचा ताप मधेच उतरला तो कशानं, याचं उत्तर डॉक्टरांना सापडलं नव्हतं. ते इथं तारेवर वाळत होतं.

वॉर्डात दोन्ही वेळची सुई एकाच हातानं लागत होती. सिस्टर रिता आठ दिवस सुट्टी न घेता राबली होती, कारण दुसरी परिचारिका आजारी होती. हिरालालजींनी तिला प्रयोगशाळेत बोलावलं आणि लंगोट टेबलावर ठेवला. काही विचारावं लागलं नाही. रितानं त्याच्याकडे पाहिलं, आणि स्टूल ओढून बसली.

"मी पैसे नाई घेतले जी," ती म्हणाली. "बायजाबाईले तं माहीतही नाई."

"ते मले माहीत आहे. सांग."

"अंजू आली त्या संध्याकाळी लय कण्हत होती. रंभाबाईनं विचारलं, त्या पोरीले हे औषध काहून नाई देत? मी म्हटलं, नियमात बसत नाई. ती म्हने, औषध कोठचं? आमच्या तलावाच्या गाराचं. तलावातून जे निघंन त्याचे वाटे पडतात, बारंतिनीचा पैला. मी एकटीच सारं खाऊन बसली तं गावात तोंड कसं दाखवू? मी नाई म्हटलं. तं तिनं हातच मागं घेतला. म्हने, मंग मलेही लावू नको."

"आनि तू देलं."

"तिच्या डोऱ्यासमोर बाटलीतून मोठ्या सिरिंजनं अर्धं काढो. ती रेघा मोजे. एक रेघ इकडं-तिकडं झाली का पुन्हा करायले लावे. मंग ते अर्धं मी अंजूले लावो." रिताचा आवाज चिरकला. "दोन दिवसात पोरगी उठून बसली. रंभाबाईचाही ताप कमी. दोघी खाटेवरून एकमेकीले हात दाखवत. मले वाटलं, दोघी वाचतीन. वाटलं, नियमच वेडा आहे."

हिरालालजींना तिचा राग यायला हवा होता. तो आला, पण त्याच्या मागोमाग रडूही आलं, आणि त्यांनी ते लपवलं नाही. मासळीचा अर्धा वाटा खाल्ला तरी अर्धं पोट भरतं. म्हातारीचं आयुष्य त्या हिशेबात गेलं होतं. अर्ध्या औषधानं अर्धा आजार बरा होत नाही, तो तयार होऊन परत येतो, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"तिले माहीत नव्हतं, रिता," ते म्हणाले. "तुले माहीत होतं."

"होय जी," रिता म्हणाली. "मले माहीत होतं."

तिनं टेबलावरच्या लंगोटाची घडी घातली. मग रितानं डोकं वर केलं. तिला आता कुठं पुढची गोष्ट दिसली होती. "काका, अंजूलेही अर्धंच गेलं."

"म्हून तं," हिरालालजी म्हणाले. "जा, तिच्या जखमेतला पू घेऊन ये."

संध्याकाळी सहाला त्यांनी अंजूचा जंतू पेरला. सोमवारी दुपारी बाराला बशी बोलणार होती, त्याआधी तिला बोलतं करायचा उपाय नव्हता.

५

सोमवारी सकाळी त्यांनी समितीसाठी दीड पान लिहिलं. औषधात खोट नाही, फ्रीज तापूनही त्याचं कडं शाबूत आहे. रंभाबाईला तिसऱ्या दिवसापासून निम्मीच मात्रा मिळाली, आणि उरलेली निम्मी अंजूला गेली. प्रविणच्या वहीबद्दल लिहिलं, रितानं स्वतःच्या हातानं लिहून दिलेला कबुलीजबाब जोडला. प्रत्येक ओळ खरी होती आणि प्रत्येक ओळीनं कुणाची ना कुणाची भाकरी जाणार होती. रंभाबाईचं नाव लिहिताना मात्र त्यांचा हात थांबला. औषध वाटून देण्याचा आग्रह रुग्णाचाच होता, असं त्यांनी लिहिलं, आणि तो का होता हे लिहायला त्या कागदावर रकाना नव्हता.

बारा वाजायला वीस मिनिटं असताना डॉक्टर अमर जवळजवळ धावतच आले. हातात बंद कुपी होती.

"काका, चाचणी चालू राहणार! औषध निर्दोष आहे, असं समितीनं मान्य केलं. आणि अंजूची परवानगी आली. पूर्ण मात्रा, आजपासून."

हिरालालजींनी घड्याळाकडे बोट दाखवलं. डॉक्टरांना अंजूच्या बशीची गोष्ट रात्रीच सांगून झाली होती. त्यांनी कुपी टेबलावर ठेवली आणि खिशात हात घालून उभे राहिले.

बाराला पेटी उघडली. हिरालालजींनी झाकण काढलं आणि सवयीनं मोजपट्टी उचलली. मग ती खाली ठेवली. मोजायला काही नव्हतं. साय टिकलीच्या कडेपर्यंत आली होती आणि एका बाजूनं तिच्यावर चढली होती.

डॉक्टर बशी घेऊन खिडकीशी गेले. त्यांनी ती इकडून पाहिली, तिकडून पाहिली. अगदी शुक्रवारी हिरालालजींनी पाहिली होती तशी.

"दुसरं काहीतरी जोडीला देऊन पाहू," ते म्हणाले. "दोन-तीन एकत्र."

"पाहू," हिरालालजी म्हणाले. "मी आत्ताच पेरतो." पण जुन्या औषधांच्या अंजूच्या बशा त्यांनीच वाचल्या होत्या, आणि त्यातल्या एकीतही कडं नव्हतं.

"तिच्या आईला मी सांगतो."

"नाई, मी सांगतो. तिनं मले शुक्रवारीच दाखवलं होतं. मी पाहिलं नाई."

व्हरांड्यात ऊन चढलं होतं. बायजाबाई तारेशी उभी होती, आणि त्यांना बघताच तिचा चेहरा फुलला. पाच-सहा दिवसांत पहिल्यांदा ती हसली असेल.

"भाऊ, या, या. पाहा बरं." तिनं तारेवरून लंगोट ओढून त्यांच्या हातात दिला. "आज सकाळचा आहे. डाग नाई कायी नाई. माळही नाई घातली आन् कावीर आपल्या पायानं गेली. आता याची मायही उठंन, नाई का जी?"

लंगोट कोरडा होता, उन्हानं गरम झालेला, आणि पांढराशुभ्र. रंभाबाई गेल्यापासून वाटाही थांबला होता. हिरालालजींनी तो चार घड्या करून बाळाच्या पाटीवर ठेवला.

"बाई," ते पायरीवर बसत म्हणाले, "घडीभर खाली बसा. तुमच्यासंगं बोलाचं आहे."